पण जिना चढतात ना?

पुणे, १२ जुलै

प्रिय दिल्या,

फोनवर काकूंच्या पार्किन्सन्सचा विषय निघाला की तू लगेच क्रिकेटवर उडी मारतोस, म्हणून पत्र. चिंचवडला येऊन बोललो असतो तर तू चहा टाकायला उठला असतास.

"आजाऱ्यांच्या घोळक्यात बसून रडगाणी कशाला ऐकायची?" असं म्हणालास ना परवा? तीन वर्षांपूर्वी मी हिला अगदी हेच ऐकवलं होतं. पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या, म्हणजे या आजाराच्या रुग्णांच्या आणि घरच्यांच्या गटाच्या, सभेला पहिल्यांदा गेलो तो हिने स्कूटरवर घालून नेलं म्हणून. तरी दारातल्या चपला बघून परत फिरत होतो.

अण्णांचं तेव्हा काय चाललं होतं ते तुला कधी सांगितलं नाही. लाज वाटायची. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळायचे, पाच-पाच मिनिटं. आणि हेच अण्णा जिना मात्र खडाखड चढायचे! मला वाटायचं, मुद्दाम करतात. एकदा ओरडलो, "जिना चढता येतो आणि चार पावलं टाकता येत नाहीत?" त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. म्हटलं, बघा, काही वाटतही नाही यांना. या आजारात चेहऱ्याचे स्नायूसुद्धा आखडतात, आतलं बाहेर दिसत नाही, हे मला कुठे माहीत होतं?

सभेत शेजारी एक बाई होत्या. यजमानांना बारा वर्षांपासून पार्किन्सन्स. मी जेमतेम "दारात अडकतात" एवढं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "पण जिना चढतात ना?"

मी बघतच राहिलो.

मग त्यांनी समजावलं. मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, कमी झालं की न ठरवता होणारी चाल बिघडते. पायरी डोळ्यांना दिसते, तिच्यावर ठरवून पाय टाकता येतो. "उंबऱ्याआधी जमिनीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवा, पावला-पावलावर. 'चला' म्हणू नका, 'पट्टी ओलांडा' म्हणा." लाल पट्ट्या लावल्या त्या दिवशी अण्णांनी एक ओलांडली, दुसरी ओलांडली आणि ओट्यापाशी जाऊन स्वतः चहाचं भांडं उचललं. हिने माझ्याकडे बघितलं नाही, बरं केलं.

आपले डॉक्टर चांगलेच आहेत रे. पण बाहेर चाळीस माणसं ताटकळत असताना उंबऱ्याची गोष्ट आपण काढणार कधी? सिंडोपाची गोळी (तिच्यातल्या लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं) आम्ही दुधाबरोबर द्यायचो. प्रथिनं आणि ती गोळी आतड्यातून एकाच वाटेने आत शिरायला बघतात, त्यात गोळी मागे पडते. हेही तिथेच कळलं. मग डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घेतल्या.

सगळंच गोडगोड नाही हं. एक काका दर वेळी कवचबीजाच्या चूर्णाच्या पुड्या काढतात. त्यातही लेव्होडोपाच असतं, चालू गोळ्यांवर आपल्या मनाने घेतलं तर डोस जास्त होतो, हे त्यांना तिथल्या तिथे सुनावणारेही चार जण असतात. पुणंच ते.

अण्णांची चौकशी सगळेच करायचे. त्या बाईंनी निघताना मला विचारलं, "तुम्ही झोपता का?" खरं तर झोपत नव्हतो. पुढे एकदा रात्री दोन वाजता, अण्णांना चौथ्यांदा कूस बदलून दिल्यावर, टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ लावला. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. पलीकडच्या मुलीने मला वीस मिनिटं बोलू दिलं. जादू वगैरे काही नाही, फोन ठेवून झोपलो एवढंच.

पुढची सभा कधी ते विचारून कळवतो. काकूंना यायचं नसेल तर राहू दे, तू ये. आणि वहिनींना आण. काकूंचं सगळं त्याच उपसतायत, हे तुला माहीत आहे आणि तू ते बोलत नाहीस. चारची वेळ म्हणजे चारच, सव्वाचारला आलास तर लोक माना वळवून बघतात.

तुझा,
शिऱ्या

ता. क. पट्टी रुंद आणि भडक घे. मी आधी घरात पडलेली खाकी टेप लावली होती, ती फरशीत मिसळून गेली आणि अण्णा होते तिथेच उभे.