दोन महिन्यांनी आत पुन्हा बघितलं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारच्या आपल्या आरोग्य पुरवणीत पोटाच्या जुनाट दुखण्याचं सगळं खापर तिखटावर आणि बाहेरच्या खाण्यावर फोडलंय. मी मिरजेत १८ वर्षं खानावळ चालवते, रोज ६० डबे जातात. म्हणजे आरोपी मीच! माझ्या धाकट्याला क्रोन्स (आतड्याला सूज आणि व्रण आणणारा जुनाट आजार) आहे हे कळल्यावर भावकीतल्या बायकांनीही हाच निवाडा केला होता, "तुझ्या रश्श्यानंच पोराचं आतडं जाळलं." (चुलत सासूबाईंनी तर क्रोन्सचं 'कोरोना' ऐकलं आणि आठ दिवस आमच्या दाराकडे फिरकल्या नाहीत.)

तिखटाचं नंतर बोलते. आधी आतड्याच्या टीबीचं सांगायचंय.

२०२१ ची दिवाळी झाली आणि मुलाच्या ओटीपोटात उजवीकडे दुखायला लागलं. जेवला की तासाभरात पिळा पडायचा, संध्याकाळी अंगात कणकण. बारावीतल्या पोराचं वजन ५६ वरून ४३ वर आलं. सुरीचं टोक गॅसवर तापवून त्याच्या पट्ट्याला मी तीन नवी भोकं पाडली. दुर्बीण घातली (स्कोपी केली) तेव्हा लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे व्रण दिसले. तुकडा तपासायला गेला. टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण टीबी नाहीच असंही कुणाला म्हणता येईना. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली.

इथवर डॉक्टरांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स बहुतेक वेळा त्याच जागी ठाण मांडतात. ताप, वजन उतरणं, सगळं सारखंच. खरा टीबी असला तरी तुकड्यात जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. शिवाय टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर टीबी भडकतो. आपल्याकडे टीबी एवढा, तेव्हा आधी त्याचं औषध देऊन बघणं रीतसरच होतं.

घोटाळा झाला तो पुढे. दीड महिन्यात मुलगा म्हणाला, बरं वाटतंय. लघवी केशरी व्हायची, मला वाटलं औषध लागू पडतंय. (तो रंग त्यातल्या एका गोळीचा असतो, गुणाचा नव्हे.) आतले व्रण भरले का, हे दुर्बीण घालून कुणी पाहिलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. खर्च वाचला म्हणून उलट बरंच वाटलं. सहा महिन्यांचा कोर्स संपला, दुखणं परत आलं, तर तीच औषधं आणखी तीन महिने वाढवली.

माझ्याकडे मेडिकलची मुलं जेवायला असतात. त्यातल्या एकानं पानावर बसल्या बसल्या विचारलं, "काकू, दोन महिन्यांनी स्कोपी परत केली होती का?" मी पोळी हातात घेऊन उभीच राहिले. टीबी असेल तर दोन-तीन महिन्यांच्या औषधात व्रण भरत आलेले दिसतात. क्रोन्समध्येही एकेटीवर काही दिवस बरं वाटू शकतं, व्रण मात्र हलत नाहीत.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली, पण त्याआधीच एका रात्री पोट नगाऱ्यासारखं फुगलं, हिरव्या उलट्या सुरू झाल्या. सूज येऊन येऊन आतडं इतकं अरुंद झालं होतं की पेन्सिल जेमतेम गेली असती. वीतभर कापून काढावं लागलं. तो तुकडा तपासल्यावर क्रोन्सचं नाव पक्कं झालं.

ऑपरेशननं हा रोग जात नाही. आधी अझाथायोप्रिनच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसले आणि रक्तात पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्या. आपल्याकडे काहींना हे औषध जन्मजातच सोसत नाही. ठरल्या दिवशी रक्त तपासलं म्हणून निभावलं. आता दर १५ दिवसांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन असतं, तेही प्रतिकारशक्ती आवरणारंच. ते सुरू करण्याआधी पुन्हा छातीचा फोटो आणि टीबीची तपासणी झाली. फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे त्याचा डबा असतो, मांडीत सुई मुलगा स्वतःच टोचून घेतो. बी-१२ रक्तात घेणारा भागच कापला गेला, म्हणून तेही इंजेक्शन. आतली सूज कळायला शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते. अंगदुखीची गोळी मनानं आणायची नाही. सिगारेट तर या रोगाला खतपाणीच.

आता तिखट. क्रोन्स तिखटानं होत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. आतडं अरुंद होतं तेव्हा मक्याचं कणीस, कच्चा कोबी, पेरू, शेंगदाणे बंद होते. मऊ भात, मुगाचं वरण, साल काढलेला दुधी एवढंच. आज तो डब्यातलीच आमटी खातो. बुधवारचा अंडा रस्सा त्यानं सोडलेला नाही आणि मी सोडायला लावलेला नाही.

पुढच्या पुरवणीत जागा असेल तर एवढं छापा : आतड्याच्या टीबीचं औषध चालू असेल, तर दोन-तीन महिन्यांनी आत पुन्हा बघायचं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. औषध मात्र मनानं बंद करू नका. ज्याला खरोखर टीबी आहे, त्याचा एक दिवसही खाडा होता कामा नये.

– एक खानावळचालक, मिरज
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये. मुलगा नोकरी शोधतोय.)