टीबीचा कोर्स चालू आहे, पण जखम भरतेय का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर पोटाच्या विकारांवर बरंच येतं, पण क्रोन्सबद्दल, म्हणजे आतड्याला सूज येऊन जखमा होत राहणाऱ्या आजाराबद्दल, फार कमी लिहिलं जातं म्हणून हे पत्र. माझ्या मुलाला हा आजार आहे, वय 22. सुरुवातीला उजवीकडे खाली पोटात दुखायचं, जुलाब, संध्याकाळी कणकण, आम्ही म्हटलं मेसचं जेवण, पित्त असेल. मग एक दिवस तो खिळा तापवून पट्ट्याला तिसरं भोक पाडताना दिसला, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला, वजन किती उतरलंय ते तोवर लक्षातच आलं नव्हतं.

दुर्बीण टाकली, लहान आतडं जिथे संपतं तिथे जखमा निघाल्या, तुकडा तपासायला पाठवला आणि टीबीची औषधं सुरू झाली. यात डॉक्टरांची चूक होती असं मी म्हणत नाही, आपल्याकडे आतड्याचा टीबी भरपूर आहे आणि दोन्ही आजार बहुतेक वेळा त्याच जागी बसतात, तुकड्याच्या रिपोर्टमध्येही कित्येकदा स्पष्ट होत नाही. शिवाय टीबी असताना क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो, म्हणून आधी टीबीचा कोर्स देऊन बघतात. पण दोन-तीन महिन्यांनी जखमा भरतायत का हे पुन्हा दुर्बिणीने बघायला हवं होतं, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्याला जरा बरं वाटत होतं ना, आम्ही तेवढ्यावरच खूश. 6 महिन्यांचा कोर्स संपला आणि दुखणं होतं तिथेच, उलट आतडं अरुंद झालेलं.

म्हणून ज्यांच्या घरी पोटाच्या टीबीचा कोर्स चालू आहे त्यांनी गोळ्या मनाने अजिबात बंद करू नका, पण जखम भरली का, पुन्हा कधी बघायचं, हे डॉक्टरांना नक्की विचारा.

आता त्याला क्रोन्ससाठी ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, ठरलेल्या वेळी रक्त तपासावं लागतं कारण त्याने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. बी12 ची इंजेक्शनं पण आहेत, ते शोषलं जातं ते नेमकं आतड्याच्या त्याच टोकाला. बरं वाटतंय तर गोळ्या कशाला, असं सांगणारे नातेवाईक खूप भेटतात, त्यांना हात जोडून विनंती की असं सांगू नका. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळेच. आणि अंगदुखीच्या गोळ्या पण मेडिकलमधून आपल्या मनाने नको, आणि सिगारेटने हा आजार वाढतो हे कॉलेजच्या मुलांना कुणीतरी सांगायलाच हवं.

एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर इन्फ्लिक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या इंजेक्शनचं म्हणतायत. खर्चाची जुळवाजुळव चालू आहे, आणि त्याच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी परत करायची आहे, कारण त्या औषधाने अंगात लपलेला टीबी डोकं वर काढू शकतो.

आपली,
एक आई, सातारा जिल्हा