अलार्म काढू नकोस

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. सलग चार रात्री भोंगा वाजतोय, शेजारचं तान्हं बाळ दचकून उठतंय, आणि तू वैतागून गाडीचा अख्खा अलार्मच काढायच्या बेतात आहेस, हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. अरे, तुझी आधीची गाडी रातोरात गेली तेव्हा तुझ्याकडे बघवत नव्हतं. म्हणून सांगतो, काढू नकोस. माझ्या गाडीत अलार्म बसवला तेव्हा पहिले दहा दिवस अगदी हेच झालं होतं.

आधी एक कर. सेन्सिटिव्हिटी कमी करत बसू नकोस. गाडीला धक्का बसला की अलार्मला कळवणारा जो शॉक सेन्सर, त्याच्या डबीवर बारीकसा स्क्रू असतो, तो मी रोज थोडाथोडा मागे फिरवत गेलो. शेवटी काचेवर मूठ आपटली तरी भोंगा गप्प, आणि पहाटे तीनला मात्र आपोआप सुरू! म्हणजे दोष सेन्सरचा नव्हताच, आणि गाडी मात्र मी बिनराखणीची करून ठेवली होती. तेव्हा एका रात्री सेन्सरचा कपलरच, म्हणजे त्याच्या वायरींचा जोड, काढून ठेव. तरीही वाजला, तर सेन्सर निर्दोष. दारं, डिकी नाहीतर बॉनेट बघायचं. बऱ्याच अलार्ममध्ये बंद केल्यावर डॅशवरचा छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि कुठून इशारा आला ते सांगतो. किती वेळा म्हणजे काय, ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. मी ती उघडूनही बघितली नव्हती.

माझ्याकडे निघालं बॉनेटचं बटण. ते साधं दाबाचं बटण असतं रे. बॉनेट बंद असलं की दांडी दाबलेली राहते, उघडलं की दांडी वर येते, वायर बॉडीला अर्थ होते, म्हणजे गाडीच्या पत्र्याशी जोडली जाते, आणि भोंगा वाजतो. बसवणाऱ्यानं त्याची पट्टी जरा खाली बसवली होती, त्यामुळे दांडी जेमतेम दाबली जायची. जोराचा वारा आला किंवा शेजारून ट्रक गेला की बॉनेट केसभर हलायचं आणि तेवढंच पुरायचं. हे कळलं कसं, तर दांडीच्या टोकावर मऊ मातीची गोळी ठेवली, बॉनेट लावलं, परत उघडलं. गोळी जराशीच चेपली होती. पट्टी वाकवून बटण वर घेतलं, गोळी पार चपटी झाली, आणि त्या रात्रीपासून शांतता.

तू लिहिलंयस की कधीकधी लॉक केल्यावर लगेच वाजतो. त्याचं कारण वेगळं असावं. तुझ्या गाडीत दार लावल्यावर आतला दिवा सावकाश विझतो ना? अलार्मची वायर त्या दिव्याच्या वायरला जोडली असेल तर दिवा विझेपर्यंत त्याला दार उघडंच वाटतं. दिवा विझल्यावर लॉक करून बघ. तेव्हा वाजला नाही, तर वायर दाराच्या स्विचवरून घ्यायला सांग.

रिमोट कधी चालतो, कधी नाही, त्यासाठी आधी रिमोटचा सेल बदल. मग अलार्मची अर्थची वायर कुठे कसली आहे ते बघ. रंग लावलेल्या पत्र्यावर स्क्रू मारला असेल तर जोड कच्चा. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर घट्ट कसायची. ओढून बघितल्यावर हलणारा प्रत्येक जोड नव्यानं करून घे.

अलार्ममुळे बॅटरी उतरत असेल, ही तुझी शंका रास्त आहे. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 च्या आसपास असेल तर ती अर्धीच भरलेली आहे. लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबल्यावर गाडी साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत खेचायला हवी. 300 खेचत असेल तर 45 अँपिअर-अवरची बॅटरी सहा दिवसांत रिकामी, आणि गाडी त्याच्या बरीच आधी स्टार्ट व्हायची थांबेल. मोजायला मीटर निगेटिव्ह टर्मिनलच्या मध्ये लावावा लागतो, आणि तो लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. हे तू एकटा करू नकोस.

आणखी एक, यात थट्टा नाही: स्टिअरिंगखालच्या पिवळ्या वायरींना हात लावू नकोस, त्या बहुतेक गाड्यांमध्ये एअरबॅगच्या असतात.

रविवारी सकाळी मीटर घेऊन मी येतोच. तोवर बॉनेटच्या बटणाची वायर काढून ठेव. तिच्या उघड्या टोकाला टेप मात्र नीट गुंडाळ, नाहीतर ते बॉडीला लागून पुन्हा वाजेल. दारं तरी राखली जातील, आणि बाळही झोपेल.

तुझाच,
श्रीधर