उंबराचा गुन्हा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला बायबलमधल्या वृक्षांवरचा लेख वाचला. गंधसरू म्हणजे भक्कमपणा, खजूर म्हणजे विजय, जैतून म्हणजे शांती, अशी सगळी यादी त्यात आहे. चूक काहीच नाही. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्याकडूनही हेच घोकून घेत. पण मी वसईचा वाडीवाला. तीस वर्षे मुंबईत पोस्टात नोकरी केली, तीही पहाटे केळींना पाणी लावून मग लोकल पकडून. अमुक झाड 'म्हणजे' तमुक, असे कुणी सांगू लागले की मला अवघडल्यासारखे होते. झाड आधी झाड असते. त्याला आळे लागते, पाणी लागते, आणि त्याचा कचरा कुणाला तरी काढावा लागतो.

हे पत्र त्या कचऱ्यावरूनच लिहितो आहे.

आमच्या चर्चच्या आवारात बावखलाच्या काठी एक उंबर आहे. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे छोटे तळे. आमच्या भागातल्या वाड्यांची तहान पिढ्यान्‌पिढ्या याच बावखलांनी भागवली. आमचे बावखल काही वर्षांपूर्वी भरणी टाकून निम्मे बुजवले, त्यावर पेव्हर ब्लॉक बसले आणि काठावरचा उंबर अचानक गाड्यांच्या मधोमध आला. तेव्हापासून तक्रारी सुरू. फळे पडतात, टायरखाली चिरडतात, माश्या घोंघावतात. रात्री वटवाघळे येतात आणि सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पांढऱ्या गाड्यांवर जे दिसते ते पाहून मालकांची भक्ती उडते. एक जण तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तसंही दत्ताचं झाड ते. आपल्या आवारात कशाला?"

गेल्या वर्षी उपवासकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या, तिसऱ्या रविवारी लूकच्या शुभवर्तमानातला, येशूने सांगितलेला निष्फळ अंजिराचा दाखला वाचला गेला. द्राक्षमळ्यात एक अंजीर. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, एकही सापडत नाही. तोडून टाक, म्हणतो, जागा कशाला अडवायची? माळी गयावया करतो : धनी, एवढे वर्ष असू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो, नाहीच आले फळ तर मग तोडा. प्रवचन चांगले झाले. देवाची सहनशीलता, आपला पश्चात्ताप, वेळ निघून जाण्याआधी. मिस्सा सुटल्यावर लगेच सभागृहात बैठक होती. विषय क्रमांक चार : आवारातील उंबर तोडणे.

बैठकीत मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी उभा राहिलो. म्हटले, "त्या अंजिराचा गुन्हा होता की तो फळ देत नव्हता. आपल्या उंबराचा गुन्हा आहे की तो देतो, आणि वर्षातून अनेकदा देतो. आपण कुठल्या कलमाखाली तोडणार?" हशा पिकला. फादरही हसले. तेवढ्यात मी पुढे रेटले : "एवढं वर्ष द्या. खालचा केर मी काढतो." वर्ष मिळाले.

तेव्हापासून रोज पहाटे साडेपाचला मी खराटा घेऊन तिथे असतो. पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट लक्षात आली. त्या दाखल्यावरची प्रवचने मी आयुष्यभर ऐकत आलो. त्यांत मालकाची सहनशीलता हमखास येते, माळ्याची कुदळ कधी येत नाही. माळी मोकळ्या हाताने मुदत मागत नाही, आधी स्वतःची मेहनत गहाण टाकतो. मग मीही फादरांच्या परवानगीने बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक उपसले, सहा फुटांचे आळे केले. खाली माती नव्हतीच, डबर होते. ते काढून वाडीतली माती आणि मासळीचे खत घातले. दोन दिवस अख्ख्या आवारात त्याचा वास दरवळत होता, त्याबद्दल बोलणी खाल्ली ती वेगळीच. पावसात मात्र पूर्वी गेटकडे वाहून जाणारे पाणी आळ्यात मुरू लागले.

झाडता झाडता बायबलमधली झाडे पुन्हा वाचत गेलो, तर बहुतेक ठिकाणी झाडाशेजारी एक राबणारा माणूस सापडला. आपण अर्थ काढायच्या घाईत त्यालाच केरात टाकतो. एदेन बागेत आदामाला ठेवले ते मशागत आणि राखण करायला, हे फळ खाण्याच्या कितीतरी आधी आले आहे. पहिल्या स्तोत्रात पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेले झाड आहे. मी ते लहानपणापासून नदीकाठचे रानझाड समजत होतो. पण मूळ हिब्रू शब्द पाण्याच्या पाटांसाठीचा आहे, आणि झाडही आपसूक उगवलेले नाही, मुद्दाम आणून लावलेले आहे. आम्हा वाडीवाल्यांना पाट म्हणजे काय हे सांगायला नको. तो रोज उघडावा लागतो, बांधावा लागतो, दोन दिवस दुर्लक्ष केले तर गवत माजते. म्हणजे धार्मिक माणूस त्या झाडासारखा आहे असे जेव्हा स्तोत्र म्हणते, तेव्हा त्याच्यासाठी कुणीतरी पाट काढलेला आहे हेही त्यातच आले. माझ्यासाठी तो माझ्या आजीने काढला, रात्रीच्या रोझरीला गुडघ्यावर बसवून. मी माझ्या नातवासाठी काढला का, हा प्रश्न खराट्याबरोबर रोज टोचतो.

उंबराचेच घ्या. मराठी बायबलमध्ये जक्कय नावाचा बुटका माणूस गर्दीतून येशूला पाहायला उंबरावर चढतो. यरीहोतले ते झाड आपल्या उंबराचे सख्खे भावंड. त्यालाही खोडावर आणि जाड फांद्यांवर फळांचे घोस लगडतात, आणि फांद्या जमिनीपासून फार उंच नसतात, त्यामुळे बुटक्या माणसालाही चढता येते. जक्कय जकातदारांचा मुख्य, पैसेवाला, लोकांनी ओवाळून टाकलेला. असा माणूस भर रस्त्यात झाडावर चढतो म्हणजे त्याने अब्रू खालीच ठेवलेली असते. (आमच्याकडचा जक्कय झाडावर चढणार नाही, पहिल्या रांगेत रुमाल टाकून जागा धरील.) येशू वर पाहतो, त्याला नावाने हाक मारतो आणि त्याच्याच घरी मुक्कामाला जातो. तेव्हा दत्ताचे झाड म्हणणाऱ्याला मी एवढेच सांगितले की, बाबा, शेजाऱ्याचा देव ज्या झाडाखाली बसतो त्याच जातीच्या झाडावरून आपल्या एका पाप्याचे तारण झाले, भांडण कशाला?

आणि आमोस. हा संदेष्टा स्वतःच सांगतो की आपण संदेष्ट्याच्या घराण्यातले नाही, गुराखी आहोत आणि उंबरांची निगा करतो. निगा म्हणजे काय करायचा तो? त्या उंबराचे कच्चे फळ झाडावर असतानाच त्याला सुरीने बारीक चीर देतात. चीर पडली की ते थोड्याच दिवसांत फुगते, गोड होते. न दिली तर तसेच चामट राहते. हे वाचून मी सुरी घेऊन आमच्या उंबराची चार फळे चिरून पाहिली. आमच्या जातीला त्याची गरज नसावी, चीक तेवढा बोटांना चिकटला. पण आमोसचे पुस्तक त्यानंतर वेगळेच वाचता आले. जोड्याच्या जोडीसाठी गरिबाला विकणाऱ्यांना तो जे सुनावतो, ते मला पूर्वी नुसते संतापाचे वाटायचे. आता वाटते, रोज हजारो फळांना हलक्या हाताने चीर देणाऱ्याचा तो हात आहे. किती खोल गेले की फळ पिकते आणि किती खोल गेले की नासते, हे त्याला ठाऊक असणार. बेथेलच्या याजकाने त्याला आपल्या गावी जा म्हणून हाकलले. सुरी कुणालाच आवडत नाही.

दावीद राजाने तळवटीतल्या जैतुनांवर आणि उंबरांवर खास अधिकारी नेमला होता, बाल-हानान नावाचा. बायबलच्या 'पहिला इतिहास' या पुस्तकातल्या रटाळ नामावळीत हे नाव येते, कुणी वाचत नाही. राजाच्या सेनापतींच्या पंगतीत उंबरांचा कारभारी! बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात तर वेढा घातलेल्या शत्रूच्या शहराबाहेरची फळझाडेही तोडू नका, असा नियम आहे. तुमचे वैर माणसांशी आहे, झाडाने काय केले? आम्ही कुणाला वेढा घातलेला नाही, फक्त गाड्या लावायच्या आहेत.

हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे मीही मोर्चात चाललो होतो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. तेव्हा समोर बिल्डर होते, सोपे होते. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या जपणुकीवरचे परिपत्रक आले, त्यावर आमच्याकडे व्याख्यान झाले. ऐकायला आलेल्यांच्या गाड्या बुजवलेल्या बावखलावर उभ्या होत्या. त्यांत माझ्या मुलाचीही होती, हे लपवत नाही.

तक्रार करणाऱ्यांचेही सगळे खोटे नाही. पाय घसरून एक वृद्ध बाई पडता पडता वाचल्या आहेत. एक फांदी वाळली आहे, ती रीतसर उतरवायला हवी. पण झाड पाडायचे तर राज्याचा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला त्यात हेरिटेज वृक्षाचा मान आहे. आमचा उंबर माझे वडील मुंजीच्या वयाचे असताना फळत होता. माझा आग्रह इतकाच की जो कुणी तोडायचा ठराव मांडील, त्याने आधी एक महिना खालचा केर काढावा.

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावायच्या राखेसाठी गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या सुक्या झावळ्या नेहमीप्रमाणे जाळल्या, त्या या वर्षी त्याच उंबराखाली. त्या दिवसापासून एक शाळकरी मुलगा पहाटे माझ्याबरोबर येतो, बहुधा घरातला अभ्यास चुकवायला. त्याने परवा विचारले, "आजोबा, मरिया माग्दालिनेला पुनरुत्थित येशू माळी का वाटला?" मी म्हटले, "हात पाहिले असतील." योहानाच्या शुभवर्तमानात असे काही लिहिलेले नाही, हे फादर वाचतील तर रागावतील.

उपवासकाळाचा तिसरा रविवार आता जवळ आला आहे. यंदा उंबर विषय क्रमांक सहावर आहे. माझा खराटा झिजून निम्मा झाला आहे. नवा बांधायला माडाचे हीर काल सोलून ठेवले.

आपला,
एक जुना वाचक, वसई
(नाव छापू नये ही विनंती. धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, सगळ्यांना कळेलच.)