जुन्या गाड्यांसाठी एक तरी नोझल वेगळं हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल लोकांची मुख्य तक्रार असते ती ॲव्हरेज कमी झाल्याची. माझी तक्रार त्याहून वेगळी आहे, आणि ती १९८६ सालच्या एका बुलेटची टाकी उघडल्यावर सुरू झाली.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात ३४ वर्षं लेथवर काम केलं. ही साडेतीनशेची बुलेट माझ्या थोरल्या भावाची. १९९१ साली तिच्यावरून आम्ही दोघं कन्याकुमारीला जाऊन आलो होतो. दादा गेल्यावर गाडी बारा वर्षं पडवीत उभी होती. मी निवृत्त झालो तेव्हा वहिनींनीच किल्ली हातात दिली आणि म्हणाल्या, "भावजी, ही भंगारात नाही द्यायची." त्याच दिवाळीत मी इंजिन खाली उतरवलं.

सिलिंडर बिडाचा असल्यामुळे बोअर मारता येतो. नाना पेठेत वीस थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइझ पिस्टन घेतला आणि तिथेच बोअर मारून होनिंग करून घेतलं. पिस्टनची फट स्वतः फीलर गेजने मोजली, कारण ती फार घट्ट राहिली तर लांबच्या चढावर पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. क्रँकचं काम करणारे कारागीर माझ्याच वयाचे आहेत. दोन सेंटरमध्ये क्रँक धरून, डायल लावून, तांब्याच्या हातोडीने फ्लायव्हील ठोकत ते एकेक थाऊ सरळ करत होते, आणि मी अख्खी दुपार बाजूला स्टुलावर बसून बघत होतो. इतकी वर्षं लेथ चालवूनही मला ते हात जमले नसते. त्याशिवाय नवे स्पोक, नवी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, संपूर्ण नवं वायरिंग. पॉइंटची गॅप आणि टॅपेट मी घरीच बसवतो. पहिले आठशे किलोमीटर पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. दीड वर्ष आणि पेन्शनमधला बराच पैसा यात गेला, पण थंडीत दुसऱ्या किकला इंजिन लागायचं.

गेल्या पावसाळ्यात गुडघ्याच्या दुखण्याने दोन महिने गाडी काढता आली नाही. टाकी अर्धी भरलेली होती. गणपती झाल्यावर साताऱ्याला निघालो, तर खंबाटकीचा घाट चढताना इंजिन ठोकायला लागलं, मग खोकायला लागलं आणि तिसऱ्या वळणाच्या आधी बंद पडलं. मागे बायको बसलेली, उजवीकडून कंटेनर चाललेले. गाडी ढकलत कडेला घेतली. प्लग काढला तर त्याचं टोक पांढरंफटक. हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर असेल तर ते बिस्किटाच्या रंगाचं दिसतं, हे जुन्या गाड्या चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

टेम्पोत घालून गाडी घरी आणली आणि टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. वर पेट्रोल, खाली तीन बोटं पिवळसर गढूळ थर, त्यात गंजाचे कण. पेट्रोलची रबरी नळी नखाने दाबली तर आतून चिकट होऊन सुटत होती. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या सुईचं टोक फुगलं होतं, त्यामुळे पेट्रोल नीट खाली येतच नव्हतं.

हे का झालं ते सांगतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी रिकामी टाकी दिवसा तापते, रात्री निवते, आणि झाकणाच्या भोकातून पावसाळी हवा आत घेत राहते. पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं, आणि टाकीचा कॉक नेमका तळालाच असतो. त्या काळच्या नळ्या, सील आणि वॉशर इथेनॉल सोसण्यासाठी बनवलेलेच नव्हते. शिवाय एक किलो पेट्रोल जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच किलो. म्हणजे जेट, कार्बोरेटरमधलं इंधन सोडणारं भोक, तोच ठेवला तर इंधन कमी पडतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. आमच्या गाडीत असतं पितळेचं एक भोक, त्याला काय कळणार?

इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे इंजिन ठोकू न देण्याची इंधनाची ताकद, वाढतो हे खरं आहे. पण ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी, साडेसहाच्या आसपास आहे, त्याला त्या जादा ऑक्टेनचा काही उपयोग नाही.

मी दुरुस्ती केली. इथेनॉल सोसणाऱ्या व्हायटन रबराची नळी आणली, मेन जेट एक नंबर मोठा घातला, कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, टाकी साफ करून आतून लेप दिला. आता गाडी चालते. पण मला हे जमलं ते हातात कसब होतं म्हणून. आमच्या गल्लीतला दूधवाला जुन्या स्प्लेंडरवर फिरतो, त्याने काय करायचं? त्याची गाडी शौकाची नाही, पोटाची आहे.

मी इथेनॉलच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. इथेनॉल उसापासूनही बनतं, आणि माझ्या बहिणीचं सासर इंदापूरकडचं, घरचा ऊस आहे. कारखान्याचे पैसे वेळेवर आले की त्या घरात काय फरक पडतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे भाग या इंधनाला चालतील असे केलेले आहेत, त्यांनी ते खुशाल वापरावं. पण नीती आयोगाने २०२१ मध्ये जो आराखडा दिला, त्यातच जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल असं म्हटलं होतं, आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचं इंधन मिळत राहावं असंही त्यात होतं. पहिली गोष्ट घडली, दुसरी का नाही?

माझी मागणी एवढीच आहे. पुण्यासारख्या शहरात निदान प्रत्येक भागातल्या एका पंपावर आणि महामार्गावर ठरावीक अंतराने दहा टक्क्यांचं एक नोझल ठेवा. दर दोन रुपये जास्त लावलात तरी देऊ. प्रत्येक नोझलवर इथेनॉलचं प्रमाण मोठ्या मराठी आकड्यांत लिहा. आणि पावसाळ्यात पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलंय का, हे पट्टीला पाणी लागताच रंग बदलणारी पेस्ट लावून रोज तपासतात, त्या दिवसाची नोंद ग्राहकाने मागितली की दाखवा. मी एका पंपावर मागितली होती. "काका, असलं कोणी विचारत नाही," असं उत्तर मिळालं.

डिसेंबरात बायकोला घेऊन त्याच गाडीवर कन्याकुमारीला जायचं ठरवलं आहे. जाऊन-येऊन तीन हजार किलोमीटर होतील. हत्यारांच्या पेटीत या वेळी प्लग आणि क्लच केबलसोबत फ्लोटच्या दोन जादा सुया, दीड मीटर नळी आणि पेट्रोल काढून पाहायला काचेची एक छोटी बाटली ठेवली आहे. १९९१ साली दादाच्या पेटीत यातलं फक्त प्लग आणि केबल होती.

आपला,
एक निवृत्त टर्नर
कसबा पेठ, पुणे