तिसऱ्या रांगेत तुम्हाला बसवणार नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर गाडीचा विषय निघाला, व्हॅन देऊन तीन रांगांची उंच एसयूव्ही घ्यायची म्हणून मी सांगितलं. बाबा, तुम्ही "म्हणजे व्हॅन जाणार तर" एवढंच म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आई, तू म्हणालीस, "आमचा विचार करून गाडी घेऊ नकोस गं, आम्ही वर्षाकाठी चारदा बसणार तिच्यात." दोन्ही वाक्यं तेव्हापासून डोक्यात आहेत. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, आधी व्हॅनबद्दल. काल रात्री तिच्या पुढच्या कप्प्यातली तुमची वही काढली. पहिल्या पानापासून तुमचं अक्षर: तारीख, किलोमीटर, किती लिटर भरलं, ऑइल कधी बदललं, टायरची अदलाबदल कधी केली. एका पानावर पेन्सिलीने लिहिलंय, "डावा सरकता दरवाजा अडतो, रुळातली माती काढून ग्रीस लावले." गाडी तुम्ही माझ्या हवाली केलीत तेव्हा वहीही दिलीत, आणि पुढच्या नोंदी माझ्या अक्षरात आहेत. शेवटची नोंद 2,38,400 किलोमीटरची. इतकी चालली ती तुमच्या निगराणीमुळे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

पण आता गिअर बदलताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना घसरते. डाव्या दरवाज्याची तार तुटली, तो आता फक्त आतून उघडतो. खालच्या बाजूला जिथे पुढच्या चाकांचा सांगाडा जोडलेला असतो, तिथे गंजाने पापुद्रे सुटलेत. मेकॅनिकने लिफ्टवर चढवून टॉर्च मारून मला तो गंज दाखवला. स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज आत जात होतं. दरवाजा आणि गिअरबॉक्स मी दुरुस्त करून घेतला असता. त्या गंजावर मुलांना बसवून हायवेला जायची माझी हिंमत नाही.

राहता राहिला प्रश्न, पुन्हा व्हॅनच का नाही. तुमचा खरा प्रश्न हाच होता ना?

त्याचं कारण ती रात्र आहे. आई, तुला धाप लागली होती आणि बाबांचा फोन आला तेव्हा मी कशीबशी निघाले. मोठ्या रस्त्यापर्यंत गाडी झकास आली. पण घराकडच्या शेवटच्या चढावर, पाऊस पडून चिखल झालेला, पुढची चाकं जागेवर फिरायला लागली. मागे घेऊन जोर लावला तर मधल्या उंचवट्यावर तळ घासला आणि गाडी तिथेच टेकली. बाबा टॉर्च घेऊन खाली आले, आणि तुला दोघांच्या मधे धरून आपण त्या चिखलातून उतरवलं. दर दहा पावलांवर तू थांबत होतीस. डॉक्टरांनी वेळेत आणलंत म्हटलं, सगळं निभावलं, हे खरं. पण त्या चढावर तू माझ्या खांद्यावर टाकलेलं वजन मला अजून जाणवतं. गाडी दारात आली पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर.

बाबा, व्हॅन अशी का वागते ते मला तुम्हीच समजावलं होतंत. 1983 च्या अखेरीस अमेरिकेच्या क्रायस्लरने मिनीव्हॅन बनवायला घेतली आणि 1984 मध्ये युरोपात रेनॉची एस्पास आली, तेव्हा दोन्हींची युक्ती एकच होती. इंजिन पुढे, ताकदही पुढच्याच चाकांना. मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा नाही, म्हणून गाडीची आतली जमीन खाली आणि सपाट ठेवता आली. घरात शिरावं तसं आत शिरता येतं, मुलांना उभ्या उभ्या कपडे घालता येतात, ते त्या एका निर्णयामुळे. पण खाली आहे म्हणूनच ती आपल्या चढावर घासते. व्हॅनचा तळ साधारण 15-16 सेंटिमीटरवर असतो, तीन रांगांच्या या नव्या एसयूव्हींचा 20 च्या आसपास. चारही चाकांना ताकद देणारी व्हॅनही मिळते, तीही बघून आले. चाकं फिरायची थांबतील, तळ मात्र तितकाच खाली.

आणि तुम्हाला वाटते तशी ही ट्रकच्या जातीची गाडी नाही. जुन्या जीपगाड्यांना खाली शिडीसारखी लोखंडी चौकट असायची आणि वर बॉडी बसवलेली. खड्ड्यात अंग खिळखिळं व्हायचं. मी बघतेय ती एसयूव्ही क्रॉसओव्हर प्रकारची, म्हणजे मोटारीसारखी, बॉडी आणि सांगाडा एकच. फक्त उंच उचललेली. म्हणून बसायला ती आपल्या व्हॅनच्याच जवळची आहे. शब्दावर जाऊ नका, बाबा, एकदा बसून बघा.

व्हॅन ज्यात सरस आहे ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. सरकता दरवाजा मला रोज आठवणार आहे. शेजारी गाडी चिकटून उभी असली तरी तो उघडायचा, मुलांनी धाडकन ढकलला तरी कुणाच्या गाडीला लागायचा नाही. आता बिजागरीचे दरवाजे, म्हणजे जागा बघून गाडी लावायची आणि धाकटीला सांगत राहायचं, हळू उघड. सामानाचंही तसंच. व्हॅनच्या मागे खोल खड्डा असतो. तिसरी सीट दुमडली की त्यात जाते आणि सीट उभी असली की त्यातच सामान राहतं. तीनही रांगा भरलेल्या असताना मोठ्या व्हॅनच्या मागे साधारण 900 लिटरची जागा उरते, मोठ्या क्रॉसओव्हरच्या मागे 450 ते 600. आई, तुझा वॉकर व्हॅनमध्ये त्या खड्ड्यात उभा राहायचा. मी तो घेऊनच दुकानात गेले होते (तू मागच्या वेळी इथे ठेवून गेलीस तोच). एका गाडीत तिसरी रांग उभी असताना तो आडवा मावेचना. ती गाडी मी तिथेच यादीतून काढली. दुसऱ्या दोन्हींत तिसऱ्या रांगेची एक बाजू दुमडली की वॉकर, दोन बॅगा आणि थोरल्याचा खेळायचा पसारा मावतो. मग माणसं सहा बसतात. आपण सहाच आहोत.

आता तिसऱ्या रांगेचं. आई, "आम्ही मागे बसू, मुलांना पुढे बसू दे" हे तू म्हणणार, म्हणून आत्ताच सांगते, नाही बसायचं. मी स्वतः तिन्ही गाड्यांत मागे शिरून दहा-दहा मिनिटं बसले. मागच्या चाकांनाही ताकद द्यायची म्हणजे दांडा, मागचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा), हे सगळं खालून जाणार, म्हणून मागची जमीन वर येते आणि सीट जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच राहते. गुडघे पोटाशी येतात. बारा वर्षांच्या मुलाला ते चालतं, गंमत वाटते. तुझ्या बदललेल्या गुडघ्याला ते अजिबात चालणार नाही. शिवाय तिथे जायचं तर मधली सीट पुढे सरकवून तिरकं होऊन शिरावं लागतं. व्हॅनमध्ये मधल्या वाटेने चालत मागे जाऊन तू धाकटीच्या शेजारी झोपायचीस, तसं आता नाही. धाकटीलाच मी मधल्या रांगेत तुझ्या शेजारी बसवीन आणि बाबा पुढे, माझ्या बाजूला. तुमचे जावई आणि थोरला मागे. जावयांना मी विचारलंय, ते आनंदाने तयार आहेत.

मधल्या रांगेत सलग बाक घ्यायचा की दोन सुट्या सीट, यावर घरात बराच खल झाला. बाक घेतला तर आठ बसतात. पण बाकावर बसून सरकत आत जावं लागतं, आणि आई, सरकताना तुझा गुडघा पिळला जातो हे मी पाहिलंय. सुट्या सीटला दोन्ही बाजूंना हात टेकायला मिळतात, उठताना त्यावर जोर देता येतो. मधे सुट्या सीट असलेली सात सीटची रचनाच घेतेय.

गेल्या शनिवारी मी शिवणाची टेप घेऊन गाड्या मोजल्या. सेल्समनला वाटलं असेल, ही बाई इंजिनाबद्दल एक शब्द विचारत नाही. आधी आपली व्हॅन मोजली: जमिनीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत 41 सेंटिमीटर, सीटपर्यंत 71. पहिल्या क्रॉसओव्हरचा उंबरा 52, सीट 80. दुसरीचा उंबरा 47, सीट 73. मला वाटलं होतं दोन्ही तुला जड जातील. पण तुझ्या फिजिओथेरपिस्टने शस्त्रक्रियेनंतर शिकवलेलं आठवलं: आधी पाठमोरं उभं राहायचं, सीटची कड पायांना लागली की बूड टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम उचलून आत वळवायचे. म्हणजे उंबरा ओलांडून एका पायावर चढायचंच नाही. तसं केलं तर उंबऱ्यापेक्षा सीटची उंची महत्त्वाची, आणि सीट उंबऱ्यापासून किती आत आहे ते. सीट उंच असेल तर चवड्यावर यावं लागतं, फार खाली असेल तर बसताना आदळायला होतं आणि उठताना त्रास. दुसऱ्या गाडीची सीट बाहेरच्या कडेला जवळ आहे, दरवाजा जवळजवळ काटकोनात उघडतो आणि वर पकडायला भक्कम कडी आहे. मी डोळे मिटून तुझ्यासारखी बसून पाहिलं, तीनदा.

दुकानात बाहेरून लावायचं पायदानही दाखवलं. ते अरुंद आहे. पाठमोरं बसताना पोटऱ्यांना लागतं आणि तुला सीटपासून लांब उभं करतं. तुला नकोच.

आई, तुला उंच गाडी कलंडेल अशी भीती वाटते, ती खोटी नाही. उंची वाढली की गाडीचा तोलही वर जातो, वळणावर हे जाणवतं. पण आता गाडी सरकायला लागली की संगणक एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावून तिला रेषेवर आणतो. ही यंत्रणा अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपात 2014 पासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीची आहे. आपल्या जुन्या व्हॅनमध्ये ती नव्हतीच. मी आणखी एक गोष्ट बघून घेतली, बाजूने पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग तिसऱ्या रांगेच्या खिडकीपर्यंत पोचतात की नाही. दोन्ही गाड्यांत पोचतात.

आणि बाबा, तुम्ही सांगाल त्याच्या आधीच लिहिते: चारही चाकांची ताकद फक्त निघायला आणि चढायला. थांबायला तिचा काही उपयोग नाही, थांबवतात टायर. चार चाकांच्या जोरावर वेग वाढवायचा नाही, हे तुमच्या जावयांनाही सांगून ठेवलंय. टायर झिजले की वेळेवर बदलायचे, आणि चारही एकदम, कारण दोन नवे दोन झिजलेले असले तर त्या यंत्रणेवर ताण येतो. वहीत त्यासाठी वेगळं पान करणार आहे.

वही नव्या गाडीत जाणार. विचारायची गरज वाटली नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. व्हॅन नेऊन देण्याआधी एकदा तुमच्याकडे घेऊन येते, चढाच्या खाली मोठ्या रस्त्यालाच लावीन. तुम्ही या, हवं तर थोडी चालवा, जावई शेजारी बसतील.

आई, तुझ्या त्या वाक्याचं उत्तर राहिलं. गाडी मुलांना शाळेत सोडायला कोणतीही चालेल, मुलं कशीही चढतात. सात सीट, उंच तळ, रुंद दरवाजा हे सगळं शोधायची वेळ आली ती त्या चार वेळांसाठीच. आणि त्या चाराच्या आठ व्हाव्यात अशी माझी इच्छा आहे. तू "माझ्यामुळे उशीर होतो" म्हणत मागच्या दोन प्रवासांना आली नाहीस. मला ते चालत नाही, हे तुला स्पष्ट सांगायचं होतं.

आता तुमच्याकडून एक काम हवंय. बाबा, तुमची स्टीलची टेप घ्या. आईला रोजच्या चपला घालून भिंतीला टेकून उभी करा आणि जमिनीपासून मांडी जिथे सुरू होते, बूड टेकतं, तिथपर्यंत मोजा. मग ती ज्या खुर्चीवरून हात न टेकता उठते त्या खुर्चीच्या बैठकीची उंची. गादी दबल्यावरची घ्या, तिला बसवून. तिसरं, आई, तू कठडा न धरता चढतेस ती पायरी किती उंचीची आहे ते. उगाच जास्त चढून दाखवू नकोस, रोजचं सांग. 73 ची सीट बसते की 80 ची, ते या तीन आकड्यांवर ठरेल. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फोन करा, शनिवारी सकाळी मी दुकानात कळवणार आहे.

तुमची,
लेक