भूजल कायदा मोर्शी-वरुडच्या शिवारात येऊ द्या

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या खात्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला. मी अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुड पट्ट्यातला संत्रा उत्पादक. सरकारी नोंदीत आमचा भाग ‘अतिशोषित’ आहे, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं. इथले लोक त्याला ड्राय झोन म्हणतात.

संत्र्याच्या आंबिया बहाराला डिसेंबरात ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि जानेवारीत सोडतात. झाड फुलतं आणि मग अख्खा उन्हाळा फळ झाडावर असतं. मे महिन्यात पाणी तुटलं की आधी फळगळ होते, पुढे झाडच वाळायला लागतं. कापूस बुडाला तर पुढच्या मृगात पुन्हा पेरता येतो. संत्र्याचं झाड उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षं घेतं. म्हणून विहीर आटली की शेतकरी कर्ज काढून तामिळनाडूच्या पाटीची बोअरची गाडी बोलावतो. आठशे फूट, हजार फूट. शेजाऱ्याचा बोअर आटला की तोही आणखी खोल जातो. यात कोणी लबाड नाही. प्रत्येक जण आपापली बाग वाचवतोय, आणि सगळे मिळून पाणी संपवतोय.

खाली पाण्याचा समुद्र नाही. राज्याच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट आहे. त्यात पाणी मुरतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खोल भेगांतलं पाणी एकदा उपसलं की एका पावसाळ्यात भरून येईल याची खात्री नसते.

कायदा आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९, हा २०१४ पासून लागू आहे. ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपलीकडच्या विहिरींवर बंधनं, विहीरमालकांची आणि बोअरच्या गाड्यांची नोंदणी, अधिसूचित क्षेत्रात भूजल वापराचा आणि पिकांचा आराखडा, पाणलोट क्षेत्राची समिती, असं सगळं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या बांधावर यातलं काही दिसत नाही. अटल भूजल योजनेत आमचे तालुके आले, गावोगावी पाण्याचे ताळेबंद झाले, म्हणजे किती पाणी आलं आणि किती वापरलं याचा हिशोब. पण ताळेबंदात तूट दिसली म्हणून एकही बोअर थांबला नाही.

दुसरीकडे शासनाने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज मोफत केली आणि सौर पंपांचीही योजना आणली. दिवसा वीज ही आमचीच मागणी होती, तिला माझा विरोध नाही. मात्र रात्रीचं जागरण आणि वीजबिल हे दोन लगाम सुटले असताना तिसरा कुठलाच लावला नाही, तर उपसा वाढणारच. शेततळ्यांचंही तेच. पावसाचं वाहतं पाणी अडवायची ही योजना, पण कितीतरी ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली तळी बोअरच्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि त्यावर अनुदानही द्यायचं, हे थांबायला हवं.

हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस बंद केला. तिथे दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभा पिकं ठरवते. ते एका गावाने स्वतःच्या बळावर केलं. दोन तालुक्यांना शासनाची साथ लागेल.

म्हणून मागणी अशी: अतिशोषित पाणलोटांत नव्या सौर पंपाला आणि अस्तरीकरणाच्या तळ्याला अनुदान देण्याआधी गावाचा ताळेबंद पाहावा. बोअरच्या पाण्याने भरलेल्या तळ्याला अनुदान नको. बोअरची गाडी गावात शिरण्याआधी ग्रामपंचायतीत नोंद व्हावी. सिंभोऱ्याचं ऊर्ध्व वर्धा धरण आमच्या उशाला आहे, त्यातून बागांना उन्हाळ्यात किती पाणी देता येईल हे जलसंपदा खात्याशी बोलून जाहीर करावं. आणि जो शेतकरी बागेचं क्षेत्र स्वतःहून कमी करून तूर-हरभऱ्याकडे वळेल, त्याला निदान तीन वर्षं एकरी मदत द्यावी. त्याशिवाय नुसती बंदी घातली तर बोअर रात्री होतील, एवढंच.

यंदाचा ताळेबंद ऑक्टोबरमध्ये होईल. रब्बीच्या पेरणीआधी तो आमच्या ग्रामसभांत अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन वाचावा, असा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपला,
मोर्शी-वरुड भागातील एक संत्रा उत्पादक